लांब गाडीची आखूड वळणं

कार्तिकी एकादशीला जळगावात श्रीरामाचा रथ निघतो. उंच, लाकडी, चार चाकांचा. ओढायला शेकडो हात असतात, पण रथ वळवायचं काम मूठभर लोकांकडे असतं. त्यांच्या हातात मोगरी असते. मोगरी म्हणजे चाकाखाली सारायचा लाकडाचा ठोकळा. रथ चालत असताना नेमक्या क्षणी, नेमक्या चाकाखाली, नेमक्या कोनात ती सारायची. ते चाक अडतं, दुसऱ्या बाजूचं पुढे जातं आणि रथ करकरत थोडासा फिरतो. परत मोगरी, परत थोडासा. काम जोखमीचं आहे आणि ते अनुभवानेच येतं.

रथाला हे सगळं का लागतं? त्याची चारही चाकं कायम सरळ असतात म्हणून. चाकाला एकच दिशा कळते, ती म्हणजे आपल्या आसाला काटकोनात असलेली. त्या दिशेला ते गुपचूप गडगडतं, बाकी कुठेही न्यायचं म्हटलं तर घासतं. आता गाडी वळते म्हणजे काय होतं? ती कुठल्या तरी एका बिंदूभोवती वर्तुळात फिरते. चाक न घासता त्या वर्तुळावर चालायचं असेल, तर त्याचा आस सरळ त्या बिंदूकडे रोखलेला हवा, सायकलच्या स्पोकसारखा. एका चाकाला हे जमणं सोपं आहे. चारही चाकांच्या आसांच्या रेषा एकाच बिंदूत भेटल्या तरच गाडी न घासता वळते. रथाचा पुढचा आणि मागचा आस समांतर. समांतर रेषा भेटत नाहीत, म्हणून रथाला वळणाचा बिंदूच नाही. मग मोगरी आणि करकर.

मोटारीत हा प्रश्न पुढची चाकं वळवून सोडवला जातो. मागचा आस जागेवर राहतो, पुढची चाकं तिरकी होतात आणि त्यांच्या आसांच्या रेषा मागच्या आसाच्या रेषेला दूर कुठेतरी जाऊन छेदतात. बारकाईने पाहिलं तर आतल्या बाजूचं चाक बाहेरच्यापेक्षा जरा जास्त वळलेलं दिसतं, कारण ते बिंदूच्या जवळ असतं. ही युक्ती मोटारीच्याही आधीची, घोडागाडीच्या काळातली. म्युनिकमधल्या गेओर्ग लांकेन्स्पेर्गर नावाच्या गाडी बनवणाऱ्या कारागिराची. तिचं इंग्लंडमधलं पेटंट १८१८ मध्ये रुडॉल्फ आकरमान या त्याच्या प्रतिनिधीने घेतलं, आणि आज जगभरचे इंजिनिअर तिला आकरमानची भूमिती म्हणतात. कारागिराचं नाव मागे पडलं.

आता मुद्द्याची गोष्ट. या व्यवस्थेत वळणाचा बिंदू नेहमी मागच्या आसाच्या रेषेवरच असतो. स्टेअरिंग कितीही काटा, तो त्या रेषेवरच आत-बाहेर सरकेल, रेषा सोडणार नाही. लांब गाडीची सगळी दुखणी इथून सुरू होतात.

एसटी चौकात डावीकडे वळताना पाहा. ड्रायव्हर आधी उजवीकडे जातो, बसचं नाक चौकाच्या पार मध्यापर्यंत नेतो आणि मग काट मारतो. नवख्या दुचाकीवाल्याला वाटतं, बस सरळ चालली. तो डावीकडून घुसतो आणि बसचं मागचं चाक त्याच्या अंगावर यायला लागतं. ड्रायव्हर उगाच मोठा घेऊन वळत नसतो. मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जातच नाहीत, ती आतून जातात.

किती आतून, हे शाळेतल्या पायथागोरसने काढता येतं. वळणाचा बिंदू, मागच्या आसाचा मध्य आणि पुढच्या आसाचा मध्य असे तीन बिंदू जोडा. काटकोन त्रिकोण होतो आणि काटकोन मागच्या आसापाशी असतो. बसच्या पुढच्या आणि मागच्या आसांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, ६ मीटर धरू. पुढच्या आसाचा मध्य १०.५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून चालला आहे. १०.५ चा वर्ग ११०.२५, त्यातून ६ चा वर्ग ३६ वजा केला की राहतात ७४.२५, आणि त्याचं वर्गमूळ सुमारे ८.६. म्हणजे मागचा आस ८.६ मीटरच्या वर्तुळावर, पुढच्यापेक्षा जवळजवळ १.९ मीटर आतून. एक आख्खी रिक्षा मावेल इतकं.

हेच गणित त्याच वळणावर छोट्या कारसाठी करा. व्हीलबेस २.४५ मीटर. मागचा आस १०.२ मीटरवर येतो, फरक जेमतेम २९ सेंटिमीटरचा. बसचा व्हीलबेस कारच्या अडीचपट आहे, पण आत घुसणं सहापटीहून जास्त. लांबी वाढते त्याच्या वर्गाच्या हिशोबाने शिक्षा वाढते. कार चालवणाऱ्याला बसवाल्याची अडचण कळत नाही ती यामुळे. त्याला आपली दुखणी दुप्पट-अडीचपट करून पाहायची सवय, आणि इथे हिशोबच वेगळा.

उपाय दोन. गाडी आखूड करा, किंवा वळणाचा बिंदू मागच्या आसाच्या रेषेवरून उचलून पुढे आणा. दुसऱ्या उपायासाठी मागची चाकंही वळवावी लागतात, पुढच्यांच्या उलट दिशेला. पुढची डावीकडे तर मागची उजवीकडे.

एक मोठा पिकअप ट्रक घेऊ, अमेरिकेत चालतो तसला. व्हीलबेस ३.६ मीटर. पुढची चाकं सरासरी ३५ अंश वळली. मागची सरळ असतील तर वळणाची त्रिज्या येते सुमारे ५.१ मीटर. मागची चाकं उलट दिशेला फक्त १२ अंश वळवली, तर तीच त्रिज्या ३.९ मीटर. १२ अंश म्हणजे घड्याळाचा मिनिटकाटा दोन मिनिटांत फिरतो तेवढा कोन. एवढ्याशा वळण्याने जवळपास पाव त्रिज्या वाचली.

याच गोष्टीकडे दुसऱ्या बाजूने पाहिलं तर ती जास्त पटते. वळणाच्या बिंदूपासून गाडीच्या मधल्या रेषेवर लंब टाका. साध्या गाडीत तो मागच्या आसावर पडतो. मागची चाकं १२ अंश वळलेली असताना तो मागच्या आसाच्या ८४ सेंटिमीटर पुढे पडतो. गाडी अशी फिरते, जणू तिचा मागचा आस त्या जागी आहे. ३.६ मीटरची गाडी वळणापुरती २.७६ मीटरची झाली. इनोव्हा क्रिस्टाचा व्हीलबेस २.७५ मीटर आहे. म्हणजे अंगाने अगडबंब ट्रक, पण गल्लीत वळतो इनोव्हासारखा. मागची चाकं वळवणं म्हणजे गॅस कटर न वापरता गाडी कापून आखूड करणं.

हे हवेतलं गणित नाही. जनरल मोटर्सने २००२ च्या मॉडेलपासून आपल्या मोठ्या पिकअपवर क्वाड्रास्टीअर नावाची सोय दिली. ती डेल्फी कंपनीने बनवली होती. मागची चाकं जास्तीत जास्त १२ अंश वळायची, आणि ट्रकला पूर्ण वळायला लागणाऱ्या वर्तुळाचा व्यास सुमारे ४७ फुटांवरून सुमारे ३७ फुटांवर आला. आपल्या अंदाजाशी चांगलंच जुळतं.

फुकट मात्र काही मिळत नाही. वळणाचा बिंदू पुढे आला की त्याच्या मागे गाडीचा जास्त भाग उरतो, आणि तो भाग वळताना बाहेर फिरतो. हाच ट्रक उजव्या भिंतीला लागून उभा आहे आणि तुम्ही जागेवरच पूर्ण डावी काट मारून निघालात, असं समजा. मागच्या आसाच्या मागे १.२ मीटर बॉडी आहे, रुंदी २ मीटर. साध्या ट्रकचा मागचा उजवा कोपरा १२ सेंटिमीटर भिंतीकडे येईल. मागची चाकं वळणाऱ्या ट्रकचा येईल ४० सेंटिमीटर. पार्किंगमधून निघताना ड्रायव्हर पुढे बघत असतो, आणि शेपटी मागे भिंत खरवडते. गोदामात फोर्कलिफ्ट चालवणाऱ्यांना हे पाठ असतं, कारण तिची फक्त मागचीच चाकं वळतात. तिथे नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतात, नाक नाही, बूड सांभाळ.

इथपर्यंत सगळी भूमिती झाली, कागद-पेन्सिलची. भौतिकशास्त्राला खरी सुरुवात गाडीने वेग घेतला की होते, आणि तिथे वर सांगितलेलं सगळं उलटं फिरतं.

सुरुवातीला मी म्हटलं, चाक आसाला काटकोनात चालतं, नाहीतर घासतं. लाकडी चाकापुरतं ते खरं. हवा भरलेला रबरी टायर या दोन्हींच्या मधलं काहीतरी करतो. खोडरबर कागदावर दाबून धरा आणि बाजूला ढकला. तो लगेच सरकत नाही, आधी वाकतो. वाकलेला असताना तो तुमच्या बोटाला उलट दाबत असतो. टायरचा जमिनीला टेकलेला तळहाताएवढा तुकडा तेच करतो. चाक बघतं एका दिशेला, जातं त्याहून एक-दोन अंश वेगळ्या दिशेला. या फरकामुळे रबर पिळतं आणि त्या पिळातून बाजूचा जोर तयार होतो. जितका कोन मोठा तितका जोर मोठा, एका मर्यादेपर्यंत. त्यापुढे टायर खरंच घसरतो.

हा बाजूचा जोर लागतोच, कारण वळणारी गाडी सतत वळणाच्या आत ओढली गेली पाहिजे. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. ३०० मीटर त्रिज्येच्या वळणावर त्यासाठी गाडीच्या वजनाच्या पाव हिश्श्याहून जरा जास्त जोर आडवा लागतो. तीन टनांच्या गाडीला पाऊण टनाहून जास्त. तो चार तळहातांएवढ्या रबरातूनच यायचा असतो.

आता एक्स्प्रेसवेवर लेन बदलताना क्षणाक्षणाने काय होतं ते पाहू. तुम्ही स्टेअरिंग किंचित डावीकडे घेतलं. पुढच्या टायरना कोन मिळाला, त्यांनी लगेच डावीकडे जोर लावला. मागच्या टायरना मात्र यातलं काही माहीत नाही. ते अजून सरळच बघताहेत आणि सरळच चाललेत. कोन शून्य, म्हणून जोरही शून्य. फक्त पुढून ढकलल्यामुळे गाडी स्वतःभोवती फिरायला लागते. ती थोडी फिरली की मग कुठे मागची चाकं रस्त्याशी तिरकी होतात, त्यांना कोन मिळतो आणि तीही जोर लावतात. म्हणजे साध्या गाडीत मागच्या चाकांना कामाला लावण्यासाठी आधी आख्खी गाडी तिरकी करावी लागते. यात सेकंदाचा छोटासा हिस्सा जातो. छोट्या कारमध्ये तो जाणवत नाही. लांब, मागे भरलेल्या गाडीत जाणवतो, कारण फिरवायचं वस्तुमान मोठं असतं, ते टोकांकडे पसरलेलं असतं, आणि एकदा फिरायला लागलं की थांबवायलाही तेवढाच त्रास देतं. अचानक लेन बदलून परत सरळ करताना मागून जो एक हेलकावा येतो, शेपटी झटकल्यासारखा, तो हाच.

हीच वेळ मागची चाकं पुढच्यांच्याच दिशेने वळवायची. थोडीशीच, एखाद-दुसरा अंश. मग मागच्या टायरना गाडी फिरायची वाट पाहावी लागत नाही. चारही चाकं एकदम डावीकडे जोर लावतात आणि गाडी फारशी न फिरता आडवी सरकल्यासारखी शेजारच्या लेनमध्ये जाते. मघाचा लंबाचा हिशोब इथेही लावता येतो. पुढची चाकं २ अंश, मागची त्याच दिशेला अर्धा अंश, तर लंब मागच्या आसाच्याही मागे पडतो आणि ३.६ मीटरची गाडी ४.८ मीटरची असल्यासारखी वागते. लांब गाडी वेगात संथ आणि शहाणी असते, आखूड गाडी चपळ पण चंचल. चौकात आपल्याला आखूड हवी होती, हायवेवर लांब हवी आहे. एकाच गाडीला दोन लांब्या, तेवढ्यासाठी हा खटाटोप.

मागे काही ओढायचं असेल तर फायदा आणखी वाढतो. ट्रेलरचा हुक मागच्या आसाच्याही मागे असतो. साध्या गाडीने डावीकडे वळायला सुरुवात केली की तो हुक पहिल्या क्षणी उजवीकडे जातो, आणि ट्रेलरच्या नाकाला उलट दिशेचा झटका बसतो. लेन बदलताना असे दोन झटके, उलटसुलट, नेमके ट्रेलरच्या झोक्याच्या तालात बसले, तर ट्रेलर झुलायला लागतो. पुढे काय होतं ते हायवेवर आडव्या पडलेल्या गाड्या पाहून कळतंच. मागची चाकं पुढच्यांच्या दिशेने वळली की हुकही डावीकडेच निघतो आणि ट्रेलर निमूट मागे येतो.

मग प्रश्न उरतो की कुठल्या वेगाला दिशा बदलायची. इथे एक गंमत आहे, ती मला या विषयातली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते.

अगदी सावकाश वळणाऱ्या साध्या गाडीचं नाक किंचित वळणाच्या बाहेर असतं. तिचा मधला भाग ज्या दिशेने चाललेला असतो, त्यापेक्षा ती जरा बाहेर बघत असते, कारण मागची चाकं आतून चाललेली असतात. वेग वाढला की मागच्या टायरना जोर लावायला कोन लागतो, आणि तो मिळवण्यासाठी गाडीची शेपटी बाहेर जाते, नाक आत येतं. सावकाश असताना नाक बाहेर, वेगात नाक आत. म्हणजे मध्ये कुठेतरी असा एक वेग असणारच, जेव्हा नाक आतही नाही आणि बाहेरही नाही, गाडी जिथे बघते तिथेच जाते. त्या वेगाला मागची चाकं वळवायची गरजच नाही, निसर्गानेच काम केलेलं असतं. त्याखाली उलट दिशेला वळवा, त्यावर त्याच दिशेला. क्वाड्रास्टीअरमध्ये हा बदल ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास व्हायचा. हा आकडा इंजिनिअरने मनाने ठरवलेला नाही. तो गाडीचं वजन, वजनाचा मध्य मागच्या आसाच्या किती जवळ आहे आणि मागचे टायर किती ताठ आहेत, यांवरून पडतो. मागे माल भरला की मागच्या टायरवर काम वाढतं, शेपटी लवकर बाहेर जायला लागते आणि हा वेग खाली येतो. म्हणून ट्रेलर ओढताना वापरायची वेगळी सेटिंग अशा गाड्यांना असते.

हे सगळं कॉम्प्युटरशिवाय होईल का? झालं आहे. १९८७ मध्ये होंडाने प्रील्यूड नावाच्या कारमध्ये निव्वळ यांत्रिक पद्धतीने मागची चाकं वळवली. पुढच्या स्टेअरिंगमधून एक दांडा मागे जायचा, मागे गिअरची एक डबी. गाडीचा वेग मोजणारं त्यात काही नव्हतं. त्यांनी एक साधं निरीक्षण वापरलं, की वेगात कुणी स्टेअरिंग गरगरा फिरवत नाही. स्टेअरिंग सुमारे १४० अंश फिरवेपर्यंत मागची चाकं पुढच्यांच्याच दिशेला, जास्तीत जास्त दीड अंश वळायची. त्यापुढे फिरवत राहिलात तर ती परत सरळ व्हायची, आणि आणखी फिरवलं की उलट दिशेला पाच अंशांहून थोडी जास्त. थोडं स्टेअरिंग म्हणजे हायवे, भरपूर स्टेअरिंग म्हणजे पार्किंग. डबीला एवढंच कळायचं आणि तेवढं पुरायचं. असं काही पाहिलं की मला सेन्सर लावून केलेली हुशारी जरा फिकी वाटते.

क्वाड्रास्टीअर मात्र टिकलं नाही. सुरुवातीला त्यासाठी पाच हजार डॉलरहून जास्त मोजावे लागत. २००५ नंतर ते बंद झालं. माझ्या मते किंमत हे अर्धंच कारण. मोठं इंजिन शोरूममध्ये आवाजावरून विकलं जातं. ट्रेलर लावून रिव्हर्स घेताना वाचलेला घाम शोरूममध्ये दाखवता येत नाही. आता विजेवरच्या जडशीळ गाड्यांमुळे ही कल्पना परत आली आहे. विजेवरच्या हमरमध्ये मागची चाकं १० अंशांपर्यंत वळतात आणि एक खेकडाचालही आहे. चारही चाकं एकाच दिशेला सारखीच वळतात, त्यांचे आस समांतर होतात, वळणाचा बिंदू रथासारखाच नाहीसा होतो आणि गाडी नाक न वळवता तिरकी सरकते. आपल्याकडे चाकणच्या कारखान्यात जोडली जाणारी मर्सिडीज इक्यूएसही मागची चाकं वळवते. सव्वापाच मीटर लांबीच्या गाडीला पुण्यात ही सोय लागणारच.

ट्रक आणि बसमध्ये ही सोय सर्रास का नाही, याचं उत्तर मागच्या आसावर काय काय लादलेलं असतं त्यात आहे. दहा टन वजन, जोड-टायर, इंजिनचा जोर पोचवणारा डिफरन्शियल. हे सगळं वळतं करायचं म्हणजे खर्च, वजन आणि बिघडायची आणखी एक जागा. शिवाय मागची चाकं तिरकी असताना यंत्रणा अडकली तर ती आपोआप सरळ होऊन तिथेच कुलूपबंद झाली पाहिजेत, नाहीतर गाडी रस्त्यावर ठेवताच येणार नाही. म्हणून मधला मार्ग काढतात. लांब कोचमध्ये इंजिन ज्याला फिरवतं त्या आसामागे जो एक जास्तीचा आस असतो, तो काही गाड्यांत वळता ठेवतात. काही ट्रेलरमध्ये तर तो नुसता मोकळा सोडलेला असतो, डी-मार्टच्या ट्रॉलीच्या चाकासारखा. टेकायची जागा वळायच्या खुंटीच्या मागे, की चाक ओढलं जाईल तिकडे आपोआप वळतं. रिव्हर्समध्ये मात्र तेच चाक भलतीकडे उलटायला बघतं, म्हणून मागे घेण्याआधी ते लॉक करावं लागतं. एकामागोमाग दोन-तीन आस सरळ ठेवलेल्या ट्रकच्या वळणावर डांबर खरवडलेलं दिसतं, ते याचं बिल. समांतर आस, एक बिंदू नाही. तिथे टायर झिजवून वळावं लागतं.

खरा चमत्कार पाहायचा तर मोठ्या मालाचे हायड्रॉलिक ट्रेलर पाहावेत. बारा आस, दीड-दीड मीटरवर. वळणाचा बिंदू मधोमध, समजा १० मीटर बाजूला. प्रत्येक आसाने त्या एकाच बिंदूकडे रोखायचं, म्हणून प्रत्येकाचा कोन वेगळा. सगळ्यात पुढचा सुमारे ४० अंश, मग ३४, २८, २१, १३ आणि ४. मधली रेषा ओलांडली की तेच आकडे उलट दिशेला, ४ पासून ४० पर्यंत चढत. बाजूला उभं राहून पाहिलं तर चाकांची रांग पंख्यासारखी उघडलेली दिसते. आत लोखंडी दांडे आणि हायड्रॉलिक सिलिंडर आहेत. किती आस जोडले त्याप्रमाणे दांड्यांच्या जागा बदलायच्या, म्हणजे कोनांचं गुणोत्तर जुळतं. एक अवजड ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखाली तापवायची भलीमोठी बंद भट्टी, याच जातीच्या गाडीवर २०१९ च्या जुलैमध्ये महाराष्ट्रातून निघाला आणि तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रात २०२० च्या जुलैमध्ये पोचला. गाडीला चाकं होती ७४. वर्ष लागलं ते वळणांमुळेच नव्हे. वाटेतल्या तारा, झाडं, पूल आणि मध्येच आलेलं लॉकडाऊन, सगळ्यांनी आपापला वाटा उचलला.

मी स्वतः जवळून पाहिलं ते पवनचक्कीचं पातं. साताऱ्याकडच्या एका तिठ्यावर, रात्री दीडच्या सुमाराला. पातं पन्नासेक मीटरचं असावं. पुढचा पुलर, म्हणजे ओढणारा ट्रक, आणि मागची चाकं यांच्यात तीसेक मीटर मोकळी जागा, त्यावरून पातं गेलेलं. तिठ्याचं वळण काटकोनातलं आणि बाहेरच्या बाजूने फार तर तीस मीटर त्रिज्येचं. मी चहाच्या कपावर मनातल्या मनात मघाचा त्रिकोण मांडला आणि तो मांडताच येईना. कर्ण ३०, बाजूही ३०, तिसरी बाजू शून्य. मागची चाकं सरळ असतील तर ती पुढे सरकणारच नाहीत, जागच्या जागी लट्टूसारखी फिरतील. गाडी वळू शकत नाही, असं गणित म्हणत होतं.

पुलर वळायला लागला तसा मागून एक माणूस चालत आला. डोक्यावर बॅटरी, गळ्यात पट्ट्याने अडकवलेला रिमोट. मागची चाकं त्याच्या हातात होती. पुलर डावीकडे गेला, तशी याने मागची चाकं उजवीकडे काटली. आता वळणाचा बिंदू मधोमध आला. पुढचं टोक ३० मीटरवर, मागचं टोकही ३० मीटरवर, आणि दोघांच्या मधला भाग चार मीटर आतून. पण मध्ये चाकं नव्हतीच, फक्त पातं होतं, जमिनीपासून दीड-दोन पुरुष उंच. मागे लोंबणारं पात्याचं टोक तेवढ्यात बाहेरच्या बाजूला फिरलं, पलीकडच्या शेताच्या बांधावरून. तिथे आणखी एक पोरगा बॅटरी हलवत उभा होता आणि "येऊ दे, येऊ दे" म्हणत होता.

आतल्या बाजूला चहाची टपरी होती, मी बसलेलो तीच. पात्याचा मधला भाग टपरीच्या पत्र्यावरून अगदी सावकाश गेला, पांढरा, गुळगुळीत, आवाज न करता. टपरीवाल्या मामांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "मोसमात रोजचंच आहे," म्हणाले आणि पातेल्यात दूध ओतलं.